भक्षकाची निवृत्ती : सौदास, हारीती आणि जिवतीचा कागद

प्रास्ताविक

भारतीय कथावाङ्मयातील राक्षस, यक्ष, पिशाच यांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा त्यांच्या वधाकडे जाते. बकासुर, हिडिंब, किर्मीर, जटासुर अशी महाभारतातील नावे घेतली की डोळ्यांपुढे भीम उभा राहतो आणि कथेचा शेवट ठरलेलाच असतो. भक्षक मरतो, गाव सुटतो, वीराची कीर्ती वाढते. मात्र याच वाङ्मयात संख्येने लहान असा एक दुसरा कथासमूह आहे. त्यात भक्षकाला कोणी मारीत नाही. भक्ष्य हाती आलेले असते, भूकही असते, अडविणारा कोणी नसतो, तरीही तो थांबतो. कधी घास उचलण्यापूर्वी थांबतो, तर कधी अर्धे खाऊन झाल्यावर.

प्रस्तुत निबंधात अशा काही कथांचा परामर्श घेतला आहे. महाभारत, पाली जातके, आर्यशूराची ‘जातकमाला’, मूलसर्वास्तिवादी विनयातील हारीतीची कथा आणि हर्षाचे ‘नागानंद’ हे नाटक ही मुख्य वाङ्मयीन साधने होत. त्यांच्या जोडीला अजिंठ्याची लेणी, चिनी प्रवाशांची वृत्ते आणि आजही चालू असलेली दोन व्रते विचारात घेतली आहेत. भक्षक का थांबतो, हा पहिला प्रश्न. थांबल्यानंतर त्याचे काय होते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर नीतिकथांच्या अंगाने बरेच लिहिले जाते. इतिहासाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे एका प्रचलित भूमिकेची दखल घेणे आवश्यक आहे. राक्षस म्हणजे आर्येतर किंवा वन्य जमाती, आणि राक्षसवध म्हणजे त्यांचा पराभव, असे समीकरण आपल्याकडे वर्गात आणि व्याख्यानांत सर्रास मांडले जाते. त्यात तथ्याचा अंश असेल. परंतु हे समीकरण केवळ वधाच्या कथांना लागू पडते. जेथे भक्षक स्वतःहून मागे फिरतो आणि पुढे देवघरात जाऊन बसतो, तेथे ते अपुरे ठरते.

शब्द देणारे भक्ष्य

या कथासमूहातील सर्वांत विस्तृत परंपरा कल्माषपाद सौदास या राजाची आहे. महाभारताच्या आदिपर्वात तो अरुंद वाटेवर वसिष्ठपुत्र शक्तीशी वाद घालतो, त्याला चाबकाने मारतो आणि शापाने नरभक्षक होतो. प्रथम शक्तीला आणि नंतर वसिष्ठाच्या इतर पुत्रांना तो खातो. बारा वर्षांनी वसिष्ठच त्याला शापमुक्त करतो. ज्याची मुले खाल्ली त्यानेच मुक्त करावे, ही घटना विलक्षण आहे. पण येथे राजाची स्वतःची निवृत्ती नाही, त्याला बाहेरून सोडविले जाते.

आश्वमेधिक पर्वातील उत्तंकाच्या आख्यानात मात्र चित्र पालटते. गुरुदक्षिणेसाठी मदयंती राणीची कुंडले मागण्यास उत्तंक येतो, तेव्हा सौदास अजून नरभक्षकच असतो. आहाराची वेळ झाली आहे आणि तू आपण होऊन आलास, असे तो त्याला सांगतो. गुरुकार्य पुरे करून परत येतो, असे वचन उत्तंक देतो. कुंडले मिळाल्यावर निघण्यापूर्वी तो सौदासालाच विचारतो की, आता तुम्ही माझे मित्र झालात, तर मी परत यावे की न यावे, हे तुम्हीच सांगा. यावर, माझ्याकडे मुळीच येऊ नकोस, आलास तर मरशील, असा सल्ला राजा देतो. भुकेवर आपला ताबा नाही हे त्याला ठाऊक आहे. स्वतःला आवरता येणार नाही, म्हणून तो भक्ष्यालाच दूर राहावयास सांगतो. निवृत्तीचा इतका प्रांजळ प्रकार या वाङ्मयात क्वचितच आढळतो. निबंधकारांनी आणि कीर्तनकारांनी याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. कदाचित त्यात उपदेशाला जागा कमी असल्यामुळे असेल.

पाली जातकसंग्रहात हीच व्यक्तिरेखा ‘महासुतसोम जातका’त (क्र. ५३७) येते. वाराणसीच्या राजाला मांसाशिवाय जेवण चालत नाही. एका उपोसथाच्या दिवशी राखून ठेवलेले मांस कुत्री खातात आणि भेदरलेला स्वयंपाकी स्मशानातून नरमांस आणून रांधतो. राजाला त्याची चटक लागते. सेनापती काळहत्थी त्याला समजावतो, प्रजा विरोध करते. राजा राज्य सोडतो, पण चव सोडीत नाही. जंगलात ‘पोरिसाद’ म्हणजे माणूसखाऊ म्हणून राहताना तो वृक्षदेवतेला राजांचा बळी देण्याचा नवस करतो आणि त्यासाठी कुरुराज सुतसोमाला धरून आणतो. एका ब्राह्मणाकडून चार गाथा ऐकण्याचे वचन सुतसोमाने दिलेले असते. तो मुदत मागतो, गाथा ऐकतो आणि खरोखरच परत येतो. तो आलेला पाहून पोरिसाद गोंधळतो. गाथा ऐकून प्रसन्न होतो आणि चार वर देऊ करतो.

येथपर्यंतची कथा वचनपालनाच्या इतर कथांसारखीच आहे. तिचे वेगळेपण चौथ्या वरात आहे. नरमांस सोड, असे सुतसोम मागतो आणि वर देणारा अडकतो. दुसरे काहीही माग, असे तो म्हणतो. याच मांसासाठी आपण राज्य टाकले, वनवास पत्करला, ते आता कसे सोडू, असा त्याचा युक्तिवाद आहे. दोघांचा वाद बराच वेळ चालतो. शेवटी तो रडत रडत कबूल होतो. जातककाराने त्याला एका क्षणात साधू केलेले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चटक, तिच्यासाठी मोजलेली किंमत, आणि किंमत मोजल्यामुळेच ती सोडण्याची वाढलेली अडचण हा क्रम कोणत्याही व्यसनाच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल.

हीच कथा आर्यशूराने ‘जातकमाले’त संस्कृतात सांगितली. तेथे सौदास हा सुदास राजा आणि सिंहीण यांचा पुत्र मानलेला आहे, आणि अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील भित्तिचित्रात निद्रिस्त राजाचे पाय चाटणारी सिंहीण चितारलेली आहे. जाता जाता आणखी एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. आदिपर्वानुसार मदयंतीला वसिष्ठापासून झालेला अश्मक हा पौदन्य नगराचा संस्थापक होय, आणि अश्मक जनपद हे गोदावरीच्या खोऱ्यातले. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात अश्मकाच्या अमात्याचा उल्लेख आहे. दख्खनच्या एका राजवंशाने आपले मूळ नरभक्षक राजाच्या घरात सांगितले, एवढेच यावरून म्हणता येईल. चित्र आणि वंशकथा यांचा प्रत्यक्ष संबंध जोडण्यास पुरावा नाही.

वचनपालनाच्या धाग्यातच बहुला गायीची कथा येते. श्रावण वद्य चतुर्थीला ती आपल्याकडे सांगितली जाते. वासराला पाजून येते असा शब्द देऊन गाय परत येते आणि वाघ तिला सोडतो. कर्नाटकात ही गाय ‘पुण्यकोटी’ या नावाने घरोघरी परिचित आहे. तेथील वाघ तिला केवळ सोडून थांबत नाही, तर पश्चात्तापाने कड्यावरून उडी घेऊन प्राण देतो. वाघाने गाय खाणे हा त्याचा स्वभाव आहे, तो अपराध नव्हे. अशा वाघाला मरणाइतका पश्चात्ताप करावयास लावणे योग्य आहे काय, असा प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांनी विचारल्याचे स्मरते. कथेत त्याचे उत्तर नाही.

अर्धवट खाल्लेला देह

हर्षवर्धनाच्या (कारकीर्द इ. स. ६०६ ते ६४७) ‘नागानंद’ नाटकात पश्चात्ताप उशिरा येतो. गरुडाला रोज एक नाग द्यावयाचा असा करार झालेला आहे. त्या दिवशी शंखचूड नागाची पाळी असते आणि त्याची म्हातारी आई आक्रोश करीत असते. विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन तांबडे वस्त्र पांघरून त्याच्या जागी वध्यशिळेवर जाऊन बसतो. गरुड त्याला उचलून नेतो आणि खाऊ लागतो. खाताना त्याच्या लक्षात येते की, हे भक्ष्य घाबरत नाही. उलट त्याच्या मुद्रेवर समाधान आहे. गरुड थांबतो. एवढ्यात शंखचूड धावत येतो आणि आपण कोणाला खाल्ले हे गरुडाला कळते. तो अग्निप्रवेश करावयास निघतो. जीमूतवाहन त्याला मरणापासून परावृत्त करतो आणि यापुढे हिंसा न करण्यास सांगतो. गौरी जीमूतवाहनाला जिवंत करते आणि गरुडाने आणलेल्या अमृतवृष्टीने पूर्वी खाल्लेले नागही उठतात.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू यिजिंग (इत्सिंग) नोंदवितो की, शीलादित्य राजाने जीमूतवाहनाची कथा पद्यबद्ध करून ती संगीत-नृत्यासह सादर करविली. राजाश्रयाने रंगभूमीवर आलेला हा पश्चात्ताप होता. गरुडाला थांबविणारी गोष्ट कोणती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दया त्याला नंतर येते; प्रथम येते ते आश्चर्य. भक्ष्य भक्ष्यासारखे वागत नाही, म्हणून भक्षकाला आपण काय करीत आहोत हे दिसते.

आर्यशूराच्या मैत्रीबल जातकात हाच प्रसंग अधिक कठोर रीतीने येतो. कुबेराने हाकललेले पाच यक्ष मैत्रीबल राजाकडे अन्न मागतात आणि ताजे रक्तमांस हेच आमचे अन्न असे सांगतात. राजा स्वतःच्या अंगातून ते देतो. ते पितात, खातात आणि नंतर खाली मान घालतात. एका बौद्ध परंपरेनुसार हेच पाच यक्ष पुढे बुद्धाचे पहिले पाच शिष्य झाले. म्हणजे ज्यांनी त्याचे रक्त प्यायले, त्यांनाच धर्माचे पहिले वचन ऐकावयास मिळाले. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात रंगविलेले काही श्लोक ‘जातकमाले’तील आहेत हे हाइन्रिख ल्यूडर्स यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले. त्यांत क्षांतिवादी जातकाबरोबर मैत्रीबल जातकाचाही श्लोक आहे. याच लेण्यात हारीतीचे उपमंदिर आहे. एकाच लेण्यातील ही दोन्ही साक्ष्ये एकत्र वाचली पाहिजेत, कारण दोन्हींचा विषय अन्न हा आहे.

राजगृहाच्या दोन स्त्रिया

हारीतीची कथा मूलसर्वास्तिवादी विनयात सविस्तर आली आहे. राजगृहात पाचशे मुलांची आई असलेली एक यक्षिणी नगरातील मुले चोरून खाते. लोक बुद्धाकडे जातात. बुद्ध तिचा सर्वांत धाकटा, लाडका प्रियंकर याला आपल्या भिक्षापात्राखाली लपवितो. ती वेड्यासारखी दाही दिशा शोधते आणि शेवटी बुद्धाकडे येते. पाचशेंतील एक हरपला तर तुझी ही दशा. ज्यांना एकच किंवा दोनच मुले आहेत त्यांचे काय, असे बुद्ध विचारतो. तिला ते उमगते.

सामान्यतः कथेचे कथन येथे संपते. मात्र विनयात तिच्या मागे आणि पुढे आणखी दोन गोष्टी आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याच प्रथम वाचाव्यात. मागची गोष्ट पूर्वजन्माची. ती तेव्हा राजगृहातील एक गवळण होती. उत्सवाला निघालेल्या लोकांनी ती गरोदर असताना तिला नाचावयास लावले, त्यात तिचा गर्भपात झाला आणि लोक पुढे निघून गेले. तिने आपले ताक-दूध विकून पाचशे आंबे घेतले, ते एका प्रत्येकबुद्धाला अर्पण केले आणि या नगरातील मुले खाण्याचा संकल्प केला. अर्थात तिची भूक जन्मजात नाही. तिच्यामागे नगराने केलेला एक अपराध आहे आणि तो कोणी कबूल केलेला नाही. बुद्ध तिला इतर मातांचे दुःख दाखवितो. तिचे स्वतःचे मूल गेले त्याची भरपाई मात्र कथेत कोठेच होत नाही. विनयकाराने ही गोष्ट गाळली असती तर कथा अधिक सुबक झाली असती. त्याने ती गाळली नाही, याबद्दल त्याचे ऋणी राहावयास हवे.

पुढची गोष्ट व्यवहाराची. मुले खाणे सोडले तर आम्ही खावे काय, असा प्रश्न हारीती विचारते. नैतिक परिवर्तनाच्या बहुतेक कथा हा प्रश्न टाळतात. बुद्ध तो टाळत नाही. यापुढे भिक्षू जेथे जेवतील तेथे तुझा आणि तुझ्या मुलांचा वाटा प्रथम काढला जाईल, असे तो आश्वासन देतो. त्या बदल्यात तिने विहारांचे रक्षण करावयाचे. हा एक प्रकारचा करारच आहे, आणि तो केवळ ग्रंथात राहिला नाही. ज्या यिजिंगने मूलसर्वास्तिवादी विनयाचा चिनी अनुवाद केला, त्यानेच आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे की, भारतातील विहारांत ओसरीवर किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात कडेवर मूल घेतलेल्या हारीतीची प्रतिमा असते, गुडघ्यांभोवती आणखी तीन किंवा पाच मुले दाखवितात आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवले जाते. आजारी आणि अपत्यहीन माणसे तिला नैवेद्य दाखवितात, असेही तो सांगतो. त्याच्या आधी आलेल्या ह्युएनत्सांगाने गांधारातील एका स्तूपाविषयी अशीच नोंद केली आहे. तेथे बुद्धाने राक्षसमातेला वळविले अशी समजूत होती आणि लोक संततीसाठी तिची पूजा करीत.

अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात, मुख्य गर्भगृहाच्या उजव्या बाजूच्या उपमंदिरात हारीती आणि पांचिक शेजारी शेजारी बसले आहेत. काळ इसवी सनाच्या ५व्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक हरिषेणाच्या कारकिर्दीच्या आसपासचा. तिच्या मांडीवर मूल आहे. वरच्या एका कोपऱ्यात तीच हारीती क्रुद्ध होऊन बुद्धावर चालून जाताना दिसते, तर दुसऱ्या कोपऱ्यात शरण आलेली. तळाशी मुलांची रांग आहे आणि एक गुरुजीही आहेत. पुढची मुले अभ्यास करतात आणि मागची खेळात दंग आहेत. शिल्पकाराला मुलांची चांगली पारख असली पाहिजे. मुख्य मूर्तीच्या चेहऱ्यावर पूर्वायुष्याची खूण उरलेली नाही. ती खूण वरच्या कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशी ठेवलेली आहे. पूजा करणाऱ्याने ती पाहावी की पाहू नये, हे त्याच्यावर सोपविलेले आहे.

आता त्याच नगरातील दुसरी स्त्री. महाभारताच्या सभापर्वात मगधराज बृहद्रथाच्या दोन राण्यांना एकाच आंब्याच्या दोन फोडींपासून अर्धे अर्धे मूल होते. ते दोन निर्जीव तुकडे दाया गुंडाळून चव्हाट्यावर टाकतात. मांसाच्या शोधात फिरणारी जरा नावाची राक्षसी ते उचलते आणि नेण्यास सोपे जावे म्हणून एकत्र जोडते. जोडताच मूल जिवंत होते, मूठ तोंडात घालून रडू लागते. तिला ते वाहून नेता येत नाही इतके ते जड असते. राजा पुत्रासाठी तळमळत आहे आणि आपण त्याच्याच राज्यात राहतो, असा विचार करून ती मूल राजाला परत देते. तोच जरासंध.

जरेने काहीही चोरलेले नव्हते, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. तिने उचलले ते राजवाड्याने फेकलेले होते. घरातल्या माणसांनी चव्हाट्यावर टाकलेले मूल चव्हाट्यावरची राक्षसी घरी आणून देते. प्रचलित पाठात ती राजाला आणखी एक गोष्ट सांगते. आपण माणसांच्या घराघरांत राहणारी गृहदेवी आहोत आणि जो आपल्याला मुलांसह, तरुण रूपात भिंतीवर चितारील त्याच्या घराची भरभराट होईल, असे तिचे म्हणणे आहे.

राजगृह आणि गिरिव्रज हे एकच नगर. बौद्ध आणि महाभारतीय, दोन भिन्न परंपरा मगधाच्या एकाच राजधानीत मुलांच्या मांसाशी संबंध असलेली एकेक स्त्री दाखवितात. दोघीही मूल खात नाहीत किंवा खाणे सोडतात, दोघींची मुलांसह प्रतिमा होते आणि दोघींनाही घरात किंवा विहारात जागा मिळते. एकीने दुसरीची कथा घेतली असे सिद्ध करता येत नाही. मात्र या नगराच्या परिसरात बालरक्षक आणि बालभक्षक अशा एकाच देवतेची पूजा फार पूर्वीपासून असावी आणि दोन्ही परंपरांनी आपापल्या परीने तिला सामावून घेतले असावे, हे अनुमान अवाजवी ठरू नये.

जयद्दिस जातकात (क्र. ५१३) या कल्पनेचे मूळ आणखी खोलवर दिसते. राजाची दोन बाळे खाल्लेली यक्षिणी तिसरे उचलून पळते. पाठलाग चुकविण्यासाठी ती लपते, तेव्हा ते बाळ तिला आई समजून तिचा स्तन तोंडात घेते. तिला पान्हा फुटावा तशी माया फुटते आणि ती त्याला वाढविते. येथे धर्मोपदेश नाही, वचन नाही, कोणी साधुपुरुषही नाही. एका अजाण तोंडाची भूक मोठ्या भुकेच्या आड येते.

राक्षसांनी नाकारलेले मांस

या सर्व कथांना छेद देणारे एक आख्यान शांतिपर्वात आहे. भीष्म युधिष्ठिराला कृतघ्नाची कथा सांगतो. दस्यूंमध्ये राहणारा गौतम नावाचा ब्राह्मण धनाच्या शोधात निघतो. राजधर्मा नावाचा बगळा त्याचे आतिथ्य करतो आणि आपला मित्र राक्षसराज विरूपाक्ष याच्याकडे पाठवितो. विरूपाक्ष त्याला भरपूर सोने देतो. परतताना वाटेत खावयास काही नाही म्हणून गौतम झोपलेल्या बगळ्याला मारून मांस बरोबर घेतो. ज्याने थंडी वाजू नये म्हणून त्याच्यासाठी शेजारी अग्नी पेटवून ठेवला होता, त्यालाच तो मारतो. मित्र आला नाही म्हणून विरूपाक्षाला शंका येते, गौतम पकडला जातो आणि याला खाऊन टाका अशी आज्ञा राक्षसांना होते. राक्षस हात जोडतात. या पाप्याचे मांस आम्हाला देऊ नका, असे ते म्हणतात. मग तुकडे करून दस्यूंना देऊ केले जातात. तेही घेत नाहीत.

या नकारात पश्चात्ताप नाही, दया नाही. किळस आहे. कोणाला खावे याविषयी राक्षसांची स्वतःची काही मर्यादा आहे आणि ब्राह्मण तिच्या खाली उतरला आहे. वर्णव्यवस्थेचा एवढा आग्रह धरणाऱ्या ग्रंथात ही उलटापालट यावी, हे विशेष. पुढे बगळा जिवंत होतो आणि इंद्राकडे गौतमालाच जिवंत करण्याची याचना करतो. राक्षसांना जे जमले नाही ते बगळ्याला जमते. पण वाचकाच्या मनात राहतात ते राक्षस.

जिवतीचा कागद

जीमूतवाहनाची कथा नाटकात आणि पुढे ११व्या शतकात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त राहिली, तशीच ती व्रतातही राहिली. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात आश्विन वद्य अष्टमीला (तिकडील पौर्णिमान्त गणनेने) स्त्रिया मुलांच्या आयुष्यासाठी जीवितपुत्रिका किंवा जिउतिया हे कडक उपोषण करतात आणि जीमूतवाहनाची पूजा करतात. नाटकातील म्हातारी नागमाता आणि तिचा वाचलेला मुलगा यांच्याशी हे व्रत जोडलेले आहे. त्याच दिवशी घार आणि कोल्हीण यांची कथाही सांगतात.

महाराष्ट्रात श्रावणातील शुक्रवारी जिवतीची पूजा होते. पंचांगात हा दिवस ‘जरा-जिवंतिका पूजन’ म्हणून नोंदलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या छापील कागदावर वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये मुलांनी वेढलेल्या दोन स्त्रिया आणि तळाशी बुध-बृहस्पती असतात. आघाड्याची माळ, दूर्वा, पुरणाचा नैवेद्य आणि मुलांचे औक्षण हा विधी. मूल परगावी असेल तर आई चारही दिशांना अक्षता टाकते. कागद भिंतीला लावला जातो. छापखाने येण्यापूर्वी चित्रे भिंतीवरच काढीत, आणि राक्षसीने मगधाच्या राजाला नेमके तेच सांगितले होते.

यातील ‘जरा’ म्हणजे सभापर्वातील राक्षसीच, असे परंपरा मानते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दुसराही अर्थ शक्य आहे. जरा म्हणजे वार्धक्य, जिवंतिका म्हणजे जगविणारी. मुलाने म्हातारपणापर्यंत जगावे अशी साधी इच्छा या जोडनावात असू शकेल. प्रस्तुत लेखकास दोन्ही अर्थांत विरोध दिसत नाही. बालमृत्यूच्या भयाने अशा देवता निर्माण झाल्या, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते आणि ते बरोबरही आहे. परंतु केवळ भयातून रक्षक देवता निर्माण करता आली असती. आपल्या लोकांनी रक्षणाचे काम मुद्दाम भक्षकाकडे का दिले, हे त्यातून उलगडत नाही. सटवाईच्या बाबतीतही हेच आहे. पाचव्या-सहाव्या रात्री तिच्यापासून बाळाला जपावयाचे आणि कपाळी आयुष्य लिहिण्यासाठी तिलाच बोलवावयाचे. दा. ध. कोसंबी यांनी पुणे परिसरातील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात त्यांचा विचार मांडला. चव्हाट्याच्या, वेशीबाहेरच्या देवतांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याला तेथून मिळाली. जरा तर चव्हाट्यावरचीच.

लहानपणी आमच्या घरी जिवतीचा कागद स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावलेला असे. मधल्या दोघींपैकी एक राक्षसी आहे, असे आजीने एकदा सांगितले, तेव्हा ती कोणती हे मी बराच वेळ शोधत होतो. दोघींच्या मांडीवर मुले होती, दोघींच्या अंगावर सारखेच दागिने होते. आजीलाही ते सांगता आले नाही. तिने पुरणाच्या नैवेद्याचे पान वाढले आणि त्यात दोघींसाठी दोन घास वेगळे काढले.